भुरीच्या शिकवणीचा खाऊ

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, कापसाची पहिली वेचणी आटोपून दुसरी सुरू होण्याच्या सुमारास, आमची कुत्री भुरी एका संध्याकाळी रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, कळपामागे धावली. आमचे शेत यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी या भागात कुणी झटका मशीन लावतात, तर काही जण रात्रीच्या वेळी तारेत थेट वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे आणि त्यात जनावरांबरोबर माणसांचेही जीव जातात, तरीही ते थांबलेले नाही. भुरी ज्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, धावत होती, त्याच्या पलीकडे अशीच एक तार होती. मी जिवाच्या आकांताने तिला हाक मारली. ती थबकली, तिने मागे वळून पाहिले, माझ्या हातातले ग्लुकोज बिस्किट तिला दिसले, आणि ती पुन्हा रोह्यांच्या मागे निघून गेली. त्या रात्री तारेत अजून वीज सोडलेली नव्हती, एवढ्याच कारणाने भुरी आज आमच्या अंगणात आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भुरी हाक ओळखत होती, यात शंका नव्हती, कारण घराच्या अंगणात ती एका हाकेसरशी येत असे. तिने क्षणभर थांबून मनाशी तुलना केली होती आणि त्या तुलनेत माझे बिस्किट हलके ठरले होते. जे बिस्किट तिला शाळेतून परतणारी मुले देतात, चहाच्या टपरीवर बसलेली माणसे देतात आणि घरी चहाच्या वेळी आम्हीही देतो, त्याच्यासाठी तिने डोळ्यांसमोर पळणारे रोही का सोडावे? शिकवणीसाठी कोणता खाऊ वापरायचा, हा प्रश्न तोपर्यंत मला किरकोळ वाटत होता. त्या संध्याकाळनंतर तो माझ्यासाठी भुरीच्या जिवाचा प्रश्न झाला आणि गेले वर्षभर मी त्याचा मनापासून अभ्यास केला. आमच्यासारख्या खेड्यांत कुत्रे पाळणाऱ्या आणि त्याला प्रेमाने शिकवू पाहणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा, म्हणून ते सगळे येथे लिहीत आहे.

सुरुवातीला मी यवतमाळच्या एका दुकानातून कुत्र्यांसाठी खास तयार केलेल्या खाऊची दोन पाकिटे आणली. एका लहान पाकिटाला दीडशे रुपयांच्या वर पैसे पडले आणि ते चार दिवसांत संपले. किमतीपेक्षाही मला खटकले ते त्या तुकड्यांचे आकारमान. एकेक तुकडा अंगठ्याएवढा आणि कडक होता. तो फोडून खायला भुरीला इतका वेळ लागे, की आपण हा कशाबद्दल मिळवला हे ती तोवर विसरून जाई. पाकिटावरील घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे होते. बाजारातला सगळाच खाऊ वाईट असतो असे माझे म्हणणे नाही, पण ज्या घरात ज्वारी, अंडी आणि हरभरा आहे, त्या घराने मैद्यासाठी एवढे पैसे मोजण्याचे कारण मला दिसले नाही. सासूबाईंनी तर ते पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “इकत कायले आणतं, बाई? घरात का कमी हाय?” पुढे वर्षभर मी जे शिकले, त्याची सुरुवात त्यांच्या या प्रश्नातूनच झाली.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात भुरीला रेबीजची लस द्यायला नेले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी एक हिशेब समजावून सांगितला, आणि तो मी अजूनही वहीच्या पहिल्या पानावर जपून ठेवला आहे. कुत्र्याच्या दिवसभराच्या उष्मांकांपैकी जास्तीत जास्त १० टक्के उष्मांक खाऊतून यावेत आणि उरलेले ९० टक्के त्याच्या नेहमीच्या समतोल जेवणातून यावेत, हा जगभरच्या पशुवैद्यकांत रूढ असलेला नियम आहे. भुरीचे वजन १४ किलो आहे आणि तिची नसबंदी झालेली आहे. अशा प्रौढ कुत्रीला दिवसाला साधारण ८०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे तिच्या खाऊच्या वाट्याला ८० येतात. एका ग्लुकोज बिस्किटात वीसच्या आसपास किलोकॅलरी असतात, म्हणून चार बिस्किटांतच दिवसाचा वाटा संपतो, आणि त्या बदल्यात मिळते ती साखर आणि मैदा. एका उकडलेल्या अंड्यातही ७५ च्या आसपास किलोकॅलरी असतात, पण त्या अंड्याचे मी सहज चाळीस तुकडे करू शकते. त्याच ८० किलोकॅलरींत चार वेळा शाबासकी द्यायची की चाळीस वेळा, हे आपण काय निवडतो यावर ठरते. हा हिशेब ऐकल्यापासून खाऊकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

अंडे हा माझ्या मते खेड्यातला सर्वांत उत्तम खाऊ आहे. ते बारा महिने मिळते, आमच्या गावात सात रुपयांच्या आसपास पडते, त्यातील प्रथिने कुत्र्याला चांगली पचतात, आणि घरात कोंबड्या असतील तर त्यासाठी वेगळा पैसाही लागत नाही. ते नेहमी शिजवूनच द्यावे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातील एक प्रथिन शरीराला बायोटिन हे जीवनसत्त्व मिळू देत नाही आणि कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाचीही भीती असते. नुसते उकडलेले अंडे हातात कुस्करते, पिवळा बलक तर बोटांना चिकटून बसतो. म्हणून मी अंडे फेटून, मीठ आणि तेल न घालता, मंद आचेवर तव्यावर पातळ पसरवते. दोन्ही बाजूंनी चांगले कोरडे झाले की निवू देते आणि कात्रीने तुरीच्या दाण्याएवढे तुकडे करते. हे तुकडे हाताला चिकटत नाहीत, पिशवीत एकमेकांना धरून बसत नाहीत आणि त्यांना वासही छान येतो.

तुकड्याचा आकार हा विषय वाटतो त्याहून फार महत्त्वाचा आहे. आपल्याला वाटते की मोठा तुकडा दिला म्हणजे कुत्रे जास्त खूश होईल. माझ्या अनुभवात कुत्रे तुकड्याचे वजन करत नाही, ते किती वेळा मिळाले हे मोजते. भुरीला एकदम एक मोठा तुकडा देण्याऐवजी तेवढ्याचेच सहा लहान तुकडे एकामागून एक दिले, की तिचा आनंद कितीतरी पटीने अधिक असतो. म्हणून तुकडा असा असावा की तो न चावता, क्षणात गिळता यावा आणि कुत्र्याची नजर लगेच पुन्हा आपल्याकडे वळावी. १४ किलोच्या कुत्र्याला तुरीचा दाणा पुरतो, मोठ्या कुत्र्याला हरभऱ्याचा, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला तर ज्वारीच्या दोन दाण्यांएवढासुद्धा खूप होतो.

ज्या दिवशी भुरीकडून काही अवघड करून घ्यायचे असते, त्या दिवसासाठी मी पोटा-कलेजी ठेवते. चिकनच्या दुकानात ही मांसापेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि सांगून ठेवले तर दुकानदार वेगळी काढून ठेवतो. पोटा उकडल्यावर घट्ट होतो, त्याचे सुरेख बारीक तुकडे पडतात आणि त्यात चरबी कमी असते. कलेजीचा वास तर भुरीला चुलीपासून अंगणाच्या टोकापर्यंत ओढून आणतो. मात्र कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व फार असते आणि ते शरीरात साठत जाते, म्हणून ती रोज देऊ नये. मी आठवड्यातून एक-दोनदा, चमचाभराहून कमीच देते. ज्या पाण्यात पोटा उकडला ते पाणीही वाया घालवू नये. त्यात मीठमसाला नसला तर भाकरीवर ओतावे, कुत्रे ती चाटूनपुसून खाते.

येथे एक गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण आमच्या भागात तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. बकरा कापला, की त्याचे नको असलेले काळीज, फुप्फुसे आणि आतडी कच्चीच कुत्र्यांपुढे टाकण्याची पद्धत गावोगावी आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या आणि गुरांच्या या अवयवांत एका फीतकृमीच्या गाठी असू शकतात. कुत्र्याने ते कच्चे खाल्ले, की तो कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठी होतात. या रोगाला हायडॅटिड म्हणतात. अंगणात कुत्र्याशी खेळून त्याच हातांनी जेवायला बसणाऱ्या लहान मुलांना याचा धोका विशेष असतो. म्हणून कोणतेही मांस असो, ते पूर्ण उकळून शिजवावे, कच्चे कधीच देऊ नये, आणि डॉक्टरांना विचारून कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे. शिजवल्यानंतर हाडे मात्र काढून टाकावीत. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

आता भाकरीविषयी सांगते. कुत्रे हा मूळचा मांसाहारी प्राणी, त्याला धान्य पचत नाही, असे शहरातल्या एका परिचिताने मला बजावले होते, आणि काही दिवस मी भुरीला भाकर देताना उगीच अपराधी वाटून घेतले. नंतर मला २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील संशोधकांच्या अभ्यासाविषयी वाचायला मिळाले. पिष्टमय पदार्थ पचवणारा अमायलेज हा पाचकरस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोन प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाच्या शेतीबरोबर आणि त्याच्या उरल्यासुरल्या अन्नावर जगता जगता कुत्र्याचे शरीर धान्य पचवायला शिकले, असा त्याचा अर्थ. हे वाचताना मला आमच्या गावातल्या शेकडो पिढ्या गावठी कुत्र्यांची आठवण झाली. ज्वारीची भाकर कुत्र्याला पचते, यात शंका नाही. नुसत्या भाकरीवर मात्र त्याचे पोषण होत नाही, आणि शिकवणीच्या दृष्टीने तिला वासही फारसा नसतो. म्हणून घराच्या आत, जिथे लक्ष विचलित करणारे काहीच नाही, तिथे ‘बस’ आणि ‘थांब’ घोटून घ्यायला मी शिळ्या भाकरीचे कडक, बारीक तुकडे वापरते. अंगणाबाहेर त्यांचा उपयोग होत नाही.

ज्या घरात अंडे-मांस चालत नाही, त्या घरांनाही अडचण पडू नये. घरच्या दुधाचे पनीर मीठ न घालता घट्ट दाबून त्याचे तुकडे केले तर बहुतेक कुत्री त्यावर जीव टाकतात. प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात, पण पनीरमध्ये ती बरीच कमी झालेली असते. फुटाणे स्वस्त आणि टिकाऊ आहेत, पण ते सालासकट आणि अख्खे दिले की भुरी तसेच गिळत असे आणि तसेच बाहेर टाकत असे. साल काढून, अर्धे करून, एका वेळी आठ-दहाच दिले, तर त्रास होत नाही. जास्त दिले तर पोटात वायू धरतो. रताळे उकडून त्याच्या फोडी, आणि लाल भोपळा, ज्याला आमच्याकडे कोहळे म्हणतात, तो नुसत्या वाफेवर शिजवून, हे दोन्ही पचनाला हलके असतात. कोहळ्यात उष्मांक इतके कमी असतात, की लठ्ठपणाकडे झुकलेल्या कुत्र्यासाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही. ज्वारीच्या मीठ न लावलेल्या लाह्या पिल्लांना आवडतात. सोयाबीन आमच्या शिवारात भरपूर पिकते, पण ते कच्चे देऊ नये, कारण कच्च्या दाण्यातील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. बाजारातली सोयाबीन वडी उकडून, पिळून, तिचे तुकडे करून दिले तर चालते.

आमच्या सासूबाई एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर वाळवण घालतात, आणि यंदा त्यांनी पापड-कुरड्यांच्या शेजारी एक कापड भुरीसाठीही राखून ठेवले. उकडलेल्या रताळ्याच्या पातळ चकत्या आमच्या उन्हात दोन-तीन दिवसांत चामड्यासारख्या चिवट झाल्या. त्या कात्रीने कापून बरणीत भरल्या आणि पावसाळ्यापर्यंत पुरल्या. मांस मात्र असे उघड्यावर वाळवू नये. माशा बसतात आणि वरून कोरडे दिसले तरी आत जंतू वाढतात. पोट्याचे किंवा कलेजीचे तुकडे कोरडे करायचे असतील तर आधी पूर्ण उकडावेत आणि मग तव्यावर मंद आचेवर परतत ठेवावेत.

सध्या मी सर्वांत जास्त वापरते ते ज्वारीचे धिरडे. एक वाटी ज्वारीचे पीठ, दोन अंडी आणि उकडून बारीक केलेला मूठभर पोटा एकत्र करून, लागेल तेवढे पाणी घालून सरसरीत भिजवावे. मीठ, हळद, तिखट काही घालू नये. तव्यावर पातळ पसरून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी असे भाजावे, की ते मऊ न राहता चिवट होईल. निवल्यावर कात्रीने आधी पट्ट्या आणि मग चौकोन कापले, की एवढ्यात दोनशेच्या आसपास तुकडे निघतात. ते डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि चार दिवसांत संपवावेत. आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते, म्हणून मी एका वेळी थोडेच करते आणि वास जरा बदलला तरी टाकून देते.

आठवडी बाजारात मिळणारे वाळलेले झिंगे आणि सुकट यांचा वास कुत्र्याला वेड लावणारा असतो, पण त्यात मीठ फार असते. दोनदा पाण्यात भिजवून, पाणी फेकून, मग भाजले तर अधूनमधून चिमूटभर द्यायला हरकत नाही.

काय देऊ नये, हे मी अधिक काळजीने सांगते, कारण यातील बऱ्याच वस्तू आमच्या घरात, गोठ्यात आणि झाडाखाली सहज सापडतात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने त्यांचा हा गुण जात नाही. म्हणून तर्री, सावजी रस्सा किंवा पंगतीतला उरलेला भाजीचा रस्सा कुत्र्याच्या भाकरीवर ओतणे हे त्याच्यावर प्रेम करणे नव्हे. शिवाय त्यातील तेल आणि चरबीमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि शिऱ्यातला किंवा चिवड्यातला बेदाणा काढून प्रेमाने भरवणारी माणसे मी पाहिली आहेत. द्राक्षातील टार्टरिक आम्ल हे याचे कारण असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली मांडले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, म्हणून आमच्या अंगणातल्या चिंचेखाली पडलेल्या चिंचा मी आता रोज सकाळी वेचून टाकते. चॉकलेट, चहा, कॉफी यांपासून तर दूर ठेवावेच. साखर नसलेल्या च्युइंगमसारख्या गोष्टींत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गाई-म्हशींसाठी आणलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात त्याचा जोर बराचसा कमी होतो, पण कुत्र्याचे पोट तसे नाही, आणि सतत खाण्यात आल्यास त्याच्या हृदयावर परिणाम होतो. शेंगदाणे भाजून, मीठ न लावता, दोन-चार दिले तर चालतात. बुरशी आलेला दाणा किंवा मका मात्र जनावरांना, कुत्र्यांना, कुणालाच घालू नये, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृत नासवते, आणि कुत्रे त्याला फार लवकर बळी पडते. ‘माणसाला चालत नाही, कुत्र्याला घाल’ ही आपल्याकडची जुनी सवय या एका बाबतीत जीवघेणी आहे. मोहफुलांच्या दिवसांत झाडाखाली आंबलेली फुले पडलेली असतात, तीही कुत्र्याने खाऊ नयेत, यावर लक्ष ठेवावे. संत्र्याची एखादी फोड, बिया काढून, दिल्यास अपाय नाही, पण भुरीने तिचा वास घेऊन तोंड फिरवले आणि मी आग्रह केला नाही.

खाऊ कितीही चांगला असला, तरी तो केव्हा हातात येतो यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेटीत कोंडलेल्या मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीच्या पाठोपाठ प्राण्याला समाधान मिळते, ती कृती तो पुन्हा करतो, हे त्यातून निघालेले सूत्र आहे. यातला ‘पाठोपाठ’ हा शब्द मी वारंवार स्वतःला बजावते. भुरी बसली आणि मी पिशवीची गाठ सोडण्यात पाच क्षण घालवले, तर तेवढ्यात ती उठलेली असते, आणि मी शाबासकी देते ती उठण्याबद्दल. म्हणून मी कमरेला बांधायची, तोंड रुंद असलेली एक सुती चंची शिवून घेतली. जुनी तंबाखूची चंची वापरण्याचा मोह टाळावा, कारण तंबाखू कुत्र्याला विषारी असते. योग्य कृती घडताच ‘शाब्बास’ हा एकच शब्द म्हणायचा आणि त्याच क्षणी हात चंचीत जायचा, ही सवय भुरीला लागण्याआधी मलाच लावून घ्यावी लागली.

नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी माझी दुसरी चूक ही झाली होती, की मी खाऊ आधी दाखवला. आधी दाखवलेला खाऊ हे आमिष असते, आणि आमिष दिसले की कुत्रे मोलभाव करते. अगदी सुरुवातीला, एखादी कृती काय आहे हे समजावण्यापुरते आमिष वापरावे. दोन-चार दिवसांत हात रिकामा करावा आणि खाऊ फक्त काम झाल्यावर, मजुरीसारखा द्यावा. मजुरी कोणती द्यायची, हेही कामानुसार ठरते. घरात बसण्यासाठी भाकर पुरे. रस्त्यावर, जिथे बकऱ्या आणि दुसरी कुत्री आहेत, तिथे अंडे किंवा धिरडे. शेतात, रोह्यांच्या आणि सशांच्या वासात, पोटा. रोज पोटा दिला तर तोही बिस्किटासारखा स्वस्त होऊन जाईल. आपल्या कुत्र्याला नक्की काय प्रिय आहे हे पाहण्यासाठी दोन मुठींत दोन वेगळे पदार्थ धरावेत, दोन्ही हुंगू द्यावेत आणि ते कोणत्या मुठीला अधिक वेळ चिकटते ते पाहावे. भुरीच्या बाबतीत पनीर वरचढ ठरेल अशी माझी कल्पना होती, पण दहापैकी आठ वेळा तिने पोटा निवडला.

‘सोड’ हा हुकूम मी याच पद्धतीने शिकवला, आणि आमच्या भागात तो हाकेइतकाच मोलाचा आहे. फवारणीच्या दिवसांत शेतात कीटकनाशकांचे डबे पडलेले असतात, कुणी उंदीर-डुकरांसाठी विष कालवून ठेवलेले असते. कुत्र्याने जमिनीवरची वस्तू तोंडात धरलेली असताना ती सोडावी असे वाटत असेल, तर तिच्यापेक्षा चांगले काही त्याला मिळेल, हा विश्वास आधी शेकडो वेळा निर्माण झालेला असावा लागतो. मी भाकरीचा तुकडा सोडण्याबद्दल अंडे देत सुरुवात केली आणि तीन महिन्यांनी भुरीने मेलेली घूस सोडली. तिच्या बदल्यात मी तिला चार तुकडे कलेजी दिली.

आमच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ही सगळी व्यवस्था बदलते. शिकवणी पहाटे साडेपाचला, तीही पाच मिनिटांची. अंडे-मांसाचे तुकडे तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवत नाही, उरलेले टाकून देते. उन्हाने भूक मंदावलेली असते, अशा वेळी काकडीचे किंवा बिया काढलेल्या टरबुजाचे गार तुकडे भुरी धिरड्याहून आवडीने खाते.

आता उरला प्रश्न गावाचा. माझ्या हिशेबाची खरी कसोटी घरात लागली नाही, ती शाळेच्या वाटेवर लागली, कारण मुले भुरीला रोज चार-सहा बिस्किटे घालत. त्यांना रागावणे मला योग्य वाटले नाही. मी एका डब्यात भाकरीचे तुकडे देऊन ठेवले आणि सांगितले, की भुरी ‘बस’ म्हटल्यावर बसली तरच एक द्यायचा. आठवड्याभरात ती माझ्यापेक्षा त्यांच्यासमोर अधिक नीट बसू लागली, आणि वाटेवरची बिस्किटे बंद झाली. महिन्याला माझा खर्च अंडी आणि पोटा-कलेजी मिळून दोनशे रुपयांच्या आसपास येतो. बाकीचे घरातलेच असते.

जानेवारीत, तूर कापणीला आली असताना, रोही पुन्हा आले. या वेळी ते जवळ होते, आणि भुरी माझ्यापासून पन्नास पावलांवर होती. ती सुटली. मी एकदाच, नेहमीच्या आवाजात ‘भुरी, ये’ म्हटले आणि दोन्ही हात रिकामे खाली सोडले. ती थबकली, मागे वळली, क्षणभर उभी राहिली, आणि मग कान मागे टाकून माझ्याकडे धावत आली. मी तुरीच्या ओळीतच खाली बसले आणि चंचीतले पोट्याचे सगळे तुकडे, एकेक करून, प्रत्येकाला ‘शाब्बास’ म्हणत, तिला भरवले. वीसेक तरी असतील. त्या संध्याकाळी तिच्या जेवणातली चतकोर भाकर मी कमी केली.